हिंजवडीस धनी कोण?

सिल्वासात पिपरिया-मसाटच्या कारखान्यांपुढे काय, असा प्रश्न निघाला म्हणजे सुशिक्षित मंडळी पुण्याजवळील हिंजवडीकडे बोट दाखवितात. त्या वसाहतीचे वैभव आम्हांस नाकारावयाचे नाही. मुळशी तालुक्यातील शेतजमिनीवर गेल्या शतकाच्या अखेरीस महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने संगणक-उद्योगाची वसाहत आखली, आणि लाखावर माणसांना तेथे काम मिळाले. परंतु नगररचना म्हणून तिची परीक्षा करू गेल्यास एक मोठे वैगुण्य दिसते: तिला धनी नाही.

1961 च्या अधिनियमाखाली स्थापन झालेल्या महामंडळाचे मुख्य काम जमीन संपादून, सोयी करून, भूखंड भाडेपट्ट्याने देण्याचे. त्याचा करार उद्योजकाशी. तेथे राहणाऱ्याशी नव्हे. गावाचा कारभार ग्रामपंचायतीकडे राहिला. 2015 मध्ये महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाची भर पडली. मग पावसाळ्यात रस्ता तुंबला तर नागरिकाने दाद कोणापाशी मागावी? शिवाजीनगरास जोडणाऱ्या मेट्रोची पायाभरणीदेखील डिसेंबर 2018 मध्ये झाली. तोवर वसाहतीची जवळजवळ दोन दशके उलटली होती.

बीजिंगचे चुंगक्वानत्सुन नावानेही गावच. ‘त्सुन’ म्हणजे खेडे. तेथे विज्ञान अकादमीच्या संस्था व दोन थोर विद्यापीठे आधीपासून नांदत होती. 1980 मध्ये चेन चुनश्यान या पदार्थवैज्ञानिकाने तेथे तंत्रसेवेचे लहानसे केंद्र काढले आणि 1988 मध्ये शासनाने त्या परिसरास प्रायोगिक क्षेत्राचा दर्जा दिला. वस्ती आधी, दर्जा मागाहून. त्या देशाची राज्यपद्धती आम्हांस अनुकरणीय वाटत नाही. हा क्रम मात्र ध्यानी घेण्याजोगा आहे.

हिंजवडीस स्वतःची जुनी व्यवस्था नव्हती असेही नाही. चैत्री पौर्णिमेस म्हातोबाचे बगाड हिंजवडीहून वाकडला जाते. त्या वाटेवर कोणी काय करावयाचे हे मानकऱ्यांस ठाऊक असते. रोजच्या मोटारींच्या रांगांस असा मानकरी कोणी नेमलाच नाही. देवस्थानाचा कारभार पाहणाऱ्या आमच्या वाचकांस यातील फरक सांगणे नलगे.

सिल्वासाची नगरपरिषद 2006 मध्ये झाली. कारखाने कितीतरी आधी आले होते. तेव्हा उद्या येथे तशी वसाहत आणावयाची असेल तर अवश्य आणावी. परंतु भूखंडांचा नकाशा मंजूर होण्यापूर्वी रस्ता, पाणी, मैला व वाहतूक यांचा जाब देणारी, मतदारांनी निवडलेली संस्था कोणती, हे लेखी ठरवून घ्यावे. तेवढे मागण्याचा अधिकार आपणांस आहे.