मिसरी तारकासारण्या आणि त्यांचे संगणकीय जतन : काही भाषिक आक्षेप

प्राचीन मिसर देशातील ज्योतिर्ज्ञानाची साधने अलीकडे मोठ्या प्रमाणावर संगणकात उतरविली जात आहेत. शवपेट्यांची झाकणे, थडग्यांची छते, मंदिरांतील राशिचक्रे आणि पपायरसाचे तुकडे यांची छायाचित्रे व लिप्यंतरे एकत्र आणून ती अभ्यासकांस खुली करण्याचे हे कार्य स्वागतार्ह आहे, याविषयी दुमत होण्याचे कारण नाही. प्रश्न इतकाच आहे की, या कार्यात जतन नेमके कशाचे होत आहे? मूळ लेखाचे, की त्या लेखाविषयी आपण एकदा करून घेतलेल्या समजुतीचे? ज्योतिर्गणिताचा अधिकार प्रस्तुत लेखकास नाही. तथापि ही साधने प्रथम भाषेची साधने आहेत व मग आकाशाची. म्हणून भाषेच्या बाजूने काही आक्षेप नोंदविणे आवश्यक वाटते.

या साधनांपैकी सर्वांत जुनी म्हणजे सुमारे इ. स. पू. 2100 च्या आगेमागे शवपेट्यांच्या झाकणांच्या आतील बाजूस रंगविलेल्या तिरकस तारकासारण्या. त्यांतील पुष्कळशा असयूत येथील आहेत. मिसरी व्यवहारवर्ष 365 दिवसांचे. त्यात तीस दिवसांचे बारा महिने व अखेरीस पाच अधिक दिवस. दर दहा दिवसांस एक स्तंभ याप्रमाणे छत्तीस स्तंभ, शिवाय अधिक दिवसांसाठी वेगळी सोय, आणि प्रत्येक स्तंभात रात्रीच्या बारा विभागांच्या बारा तारका, अशी पूर्ण सारणीची रचना असते. एखादी तारका आज बाराव्या घरात असेल तर पुढील दहा दिवसांच्या स्तंभात ती अकराव्या घरात चढते, त्यापुढे दहाव्या. त्यामुळे एकच नाव सारणीभर तिरक्या रेषेत सरकत जाते. ग्रीकांनी ज्यांना पुढे 'डेकानोस' म्हटले त्या याच तारका. मराठीत त्यांस 'दशाहतारका' म्हणावे असे आम्हांस सुचते. 'दशाह' या शब्दाभोवती आपल्याकडे उत्तरक्रियेचे वातावरण आहे; पण शवपेटीच्या झाकणावरील सारणीला ते अगदीच विजोड ठरू नये.

या सारण्यांना दीर्घकाळ 'तारकाघटिका' म्हटले गेले. आम्हीही अनेक वर्षे वर्गात हाच शब्द निःशंकपणे वापरला, आणि विद्यार्थ्यांनी तो तितक्याच निःशंकपणे उत्तरपत्रिकांत उतरविला. पण घटिका म्हटले की मापनाचे यंत्र, ते पाहणारा माणूस आणि पाहण्याचा प्रसंग हे सारे गृहीत धरले जाते. झाकणाच्या आतील बाजू मृताच्या मुखासमोर असते. जिवंत निरीक्षक तेथे वेळ पाहणार नाही. मूळ सारणी निरीक्षणातून आली असेल, परंतु शवपेटीवरील तिच्या नकलेचे प्रयोजन वेगळे असू शकते. म्हणून सेरा सायमन्स यांच्यासारख्या अभ्यासकांनी 'घटिका' सोडून 'सारणी' हा शब्द पसंत केला, तो योग्यच होय. एका शब्दाच्या बदलाने एक अप्रमाणित विधान शास्त्रातून बाहेर पडले.

या क्षेत्राचा आधारग्रंथ म्हणजे ओटो नॉयगेबाउअर व रिचर्ड पार्कर यांनी 1960 ते 1969 या काळात तीन खंडांत प्रसिद्ध केलेला मिसरी ज्योतिषलेखांचा संग्रह. त्याच्या शिस्तीविषयी आदर न वाटणारा अभ्यासक विरळा. त्यांनी विखुरलेली झाकणे एकत्र आणली, नावांची संगती लावली, आणि लेखकांनी केलेल्या चुका बाजूस सारून मूळ सारणी कशी असावी याची पुनर्रचना सिद्ध केली. आमचा आक्षेप पुनर्रचनेस नाही. तिच्या पुढील प्रवासास आहे. ग्रंथात ती निष्कर्ष म्हणून येते. नंतरच्या लेखनात मात्र तीच उदाहरण म्हणून वावरू लागते, आणि वाचकाची अशी समजूत होते की, छत्तीस स्तंभांची निर्दोष सारणी कोणा एका झाकणावर प्रत्यक्ष लिहिलेली आहे. वास्तविक कोठे स्तंभ थोडेच आहेत, कोठे नावे घसरली आहेत, कोठे जागा संपली म्हणून मजकूर तोडला आहे. पुण्याच्या भांडारकर संस्थेत 1919 साली आरंभिलेली आणि 1966 साली पूर्ण झालेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती ज्यांनी हाताळली आहे, त्यांस हा भेद समजावून सांगणे नलगे. तेथे सिद्ध केलेली संहिता वर व पाठभेद त्याच पृष्ठावर खाली असतात.

या दृष्टीने कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठात सायमन्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी उभारलेला संगणकीय संग्रह हे पुढचे पाऊल आहे, कारण तेथे प्रत्येक साधनास स्वतंत्र नोंद मिळते. चुकलेले झाकणही आपल्या चुकीसह उभे राहू शकते. परंतु अशा कोणत्याही संग्रहास शोधाच्या सोयीसाठी प्रत्येक तारकेचे एक प्रमाणित नाव ठरवावे लागते, आणि भाषाभ्यासकाची अडचण येथून सुरू होते.

मिसरी लिपी स्वर लिहीत नाही. व्याधाच्या तारकेचे नाव व्यंजनांत स्-प्-द्-त् एवढेच मिळते. त्यात सोयीसाठी स्वर घालून 'सोपदेत' असा उच्चार रूढ करण्यात आला. ग्रीकांनी ऐकलेले रूप मात्र 'सोथिस' आहे. देवनागरीत तर अडचण दुप्पट होते. प्रत्येक अक्षरात अ-कार दडलेला असल्यामुळे आपण हलन्त चिन्हांची रांग लावली नाही, तर मूळ लेखात नसलेला स्वर आपल्याच लिपीकडून त्यात शिरतो. इ. स. च्या चौथ्या शतकातील हेफाइस्टिओनच्या ग्रंथात दशाहतारकांची नावे ग्रीक अक्षरांत उतरली आहेत. त्या उशिराच्या आणि बऱ्याच झिजलेल्या यादीतून स्वरांचा काही पुरावा मिळतो. लिखित मिसरी रूप, रूढ उच्चार व ग्रीक रूप या तीन भिन्न वस्तू एका रकान्यात कोंबणे म्हणजे तीन साक्षीदारांची एकच जबानी नोंदविण्यासारखे आहे.

नाव वाचता आले म्हणजे तारा सापडला, असेही नव्हे. 'नौकेच्या मध्यभागी असलेली' अशा अर्थाचे एक नाव सारण्यांत आहे. अर्थ स्वच्छ आहे; आकाशातील नौका कोठे, हे मात्र निश्चित नाही. सप्तर्षी, मृग व व्याध यांची ओळख पक्की मानता येते. बहुतेक इतर दशाहतारकांविषयी मतभेद आहेत. अशा स्थितीत नोंदीसमोर आधुनिक ताऱ्याचे नाव छापणे हे अनुवादापेक्षा बरेच धाडसाचे कृत्य ठरते.

ग्रीक 'डेकानोस' पुढे संस्कृतात येऊन 'द्रेक्काण', 'द्रेष्काण' झाला. वराहमिहिराच्या बृहज्जातकात द्रेष्काणांच्या स्वरूपांचे वर्णन आहे, आणि आजही मराठी जातकशास्त्राच्या पुस्तकांत हा शब्द नित्याचा आहे. या प्रवासात त्याचा अर्थ पालटला. दहा दिवसांची तारका दहा अंशांचा राशिभाग झाली. काळाचे माप अवकाशाचे माप झाले. हे स्थित्यंतर न ओळखता द्रेष्काणाच्या आधारे असयूतच्या झाकणाचा अर्थ लावणारा लेख आमच्या वाचनात आला आहे. लेखकाचे नाव घेण्याचे कारण नाही.

नकलेवर किती विसंबावे, याचे प्रसिद्ध उदाहरण देंदेरा येथील राशिचक्राचे आहे. नेपोलियनच्या स्वारीबरोबर गेलेल्या मंडळींनी त्याची चित्रे काढली. 1821 साली ते छतातून कापून फ्रान्सला नेण्यात आले, व आज ते लूव्र संग्रहालयात आहे. ते किती प्राचीन, यावर पॅरिसमध्ये मोठा वाद माजला. कित्येकांनी त्याचे वय हजारो वर्षे मागे नेले. 1822 साली शांपोलिओंने छापील चित्रातील राजनामाच्या चौकटीत 'आवतोक्रातोर' ही रोमन सम्राटाची उपाधी वाचली, आणि वाद मिटल्यासारखे झाले. परंतु हा भाग कापलेल्या दगडाबाहेर, देंदेऱ्यासच राहिला होता. 1828 साली शांपोलिओं स्वतः तेथे गेला, तेव्हा त्या चौकटी रिकाम्या असल्याचे त्यास आढळले. अक्षरे चित्रकारांनी भरली होती! आज राशिचक्राचा काळ इ. स. पू. पहिल्या शतकाच्या मध्याचा मानतात. म्हणजे ते फार प्राचीन नाही हा निष्कर्ष टिकला, आणि ज्या अक्षरांवर तो उभा होता ती नाहीशी झाली. चित्र काळजीपूर्वक छापले गेले होते, दीर्घकाळ जतनही झाले. जतन झाली ती चित्रकाराची भर.

याच्या उलट प्रकार इस्ना येथे घडला. तेथील मंदिराचे लेख सेर्ज सोनरों यांनी मोठ्या परिश्रमाने प्रसिद्ध केले होते. 2018 सालापासून मिसरी व जर्मन अभ्यासकांनी छतावरील काजळी काढण्यास आरंभ केला, तेव्हा खाली मूळ रंग व पूर्वी न दिसलेले रंगीत लेख प्रकट झाले. त्यांत पूर्वी अज्ञात असलेली नक्षत्रनामे होती. 'रा देवाचे हंस' या अर्थाचे नाव त्यांपैकीच. सोनरोंची नक्कल अपुरी ठरली, चुकीची नव्हे. काजळीखालचे त्यास दिसणे शक्य नव्हते. म्हणून कोणी, केव्हा, कोणत्या अवस्थेत पाहिले, ही माहिती संगणकीय नोंदीत तळटीप नसून नोंदीचा गाभा असली पाहिजे.

चित्रलिपीच्या संगणकीय चिन्हांचाही येथे विचार हवा. युनिकोडमध्ये 2009 साली 1071 मिसरी चिन्हे आली, चिन्हांच्या रचनेचे नियंत्रण 2019 साली, आणि 2024 साली आणखी 3995 चिन्हे. उत्तरकालीन मंदिरलेखांना ही वाढ उपकारक आहे. पण चिन्हे मिळाली म्हणजे लेख मिळाला, असे होत नाही. तारकासारण्यांचे स्तंभ उजवीकडून डावीकडे जातात. ते आपल्या सवयीप्रमाणे डावीकडून मांडले की तिरप्या रेषेचा कलच उलटतो. रामसेस सहावा, सातवा व नववा यांच्या थडग्यांतील पुढील काळच्या सारण्यांत तर तारका 'डाव्या कानावर', 'उजव्या खांद्यावर' अशा शब्दांनी सांगितली आहे, व शेजारी बसलेल्या पुरुषाची आकृती आहे. डावा म्हणजे त्याचा डावा की पाहणाऱ्याचा? शब्द व आकृती वेगवेगळ्या नोंदींत ठेवल्या, तर हा प्रश्न विचारण्याची सोयच उरत नाही.

या बाबतीत मिसरी लेखक आपल्याहून सावध होते. इ. स. च्या दुसऱ्या शतकातील कार्ल्सबर्ग पपायरसात, ज्याला आज 'नूतचा ग्रंथ' म्हणतात त्या फार जुन्या आकाशवर्णनाचा एकेक तुकडा प्राचीन भाषेत व हायरॅटिक लिपीत देऊन, त्यापुढे तत्कालीन डेमॉटिक भाषेत त्याचा अर्थ लिहिला आहे. मूळ पुसून त्या जागी अर्थ बसविण्याचा मोह टीकाकाराने टाळला. आणि नकला करणाऱ्या मिसरी लेखकांत दुसरीही एक प्रथा होती : जुन्या प्रतीत मजकूर नष्ट झालेला आढळला, तर अंदाजाने तो भरण्याऐवजी 'नष्ट आढळले' अशा अर्थाचा दोन शब्दांचा शेरा तेथे लिहावयाचा. आमच्या विभागात मिसरी लेखांच्या लिप्यंतराचा जो लहानसा संगणकीय संग्रह पदव्युत्तर विद्यार्थी तयार करीत आहेत, त्यात या शेऱ्यासाठी स्वतंत्र रकाना ठेवावा, आणि तो रिकामा सोडण्याची मुभा कोणासही देऊ नये, अशी आमची सूचना आहे.