‘ठेव’ आणि ‘गुंतवणूक’ : एका न्यायनिर्णयाचा अर्थविचार

गुंतवणूकदार आणि दलाल यांचा वाद न्यायालयात गेला म्हणजे पुष्कळदा पैशाच्या आधी शब्दाचा निवाडा करावा लागतो. मुंबईच्या नॅशनल स्पॉट एक्स्चेंजचे प्रकरण हे याचे ठळक उदाहरण होय. ३१ जुलै २०१३ रोजी या वस्तुबाजारातील व्यवहार स्थगित झाले आणि सुमारे १३,००० गुंतवणूकदारांचे सुमारे ५,६०० कोटी रुपये अडकले. दलाली पेढ्यांमार्फत त्यांना जोडव्यवहार सुचविण्यात आले होते. माल दोन दिवसांच्या कराराने घ्यावयाचा, त्याच वेळी पंचवीस दिवसांच्या कराराने विकावयाचा, आणि दोन किमतींमधील अंतर हा आधीच ठरलेला नफा समजावयाचा, असे त्यांचे स्वरूप होते.

राज्यशासनाने ठेवीदारांच्या संरक्षणासाठी केलेल्या १९९९ च्या अधिनियमाखाली या बाजाराच्या प्रवर्तक कंपनीची मालमत्ता जप्त केली. मग प्रश्न आला तो असा, की ही रक्कम ‘ठेव’ होती काय? बाजार हा केवळ मध्यस्थ आहे, अशी भूमिका घेऊन मुंबई उच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०१९ रोजी जप्ती रद्द केली. २२ एप्रिल २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरविला. न्या. धनंजय चंद्रचूड यांच्या निर्णयपत्राचा आधार व्याख्येची शब्दरचना हाच आहे. पैसा अथवा मौल्यवान वस्तू स्वीकारली जावी आणि ती रोख, वस्तुरूपाने वा सेवारूपाने परत करावयाची असावी, एवढे ‘ठेवी’ला पुरेसे ठरते, त्यावर व्याज वा नफा असो वा नसो.

आता लोकभाषेतील अर्थ पाहू. ‘ठेवणे’ या क्रियापदात वस्तूवरील ठेवणाऱ्याचा हक्क सुटत नाही. परत मिळणे हे ठेवीत गृहीतच असते. ‘गुंतवणे’ यात मात्र अडकण्याची छटा आहे. गुजराती ‘रोकाण’ शब्दाच्या मुळाशीही ‘रोकवुं’, म्हणजे थांबवणे, हेच क्रियापद आहे. गुंतविणाऱ्याने जोखीम पत्करली, असे या शब्दांतून सूचित होते. जोडव्यवहाराचे वैगुण्य नेमके येथे आहे : नाव व्यापाराचे, आश्वासन ठेवीचे.

म्हणून सर्वोच्च न्यायालयाने नावापेक्षा व्यवहाराच्या स्वरूपाला महत्त्व दिले, हे योग्यच झाले. परंतु या व्याख्येवर एक आक्षेप राहतो. ती ‘समावेशक’ आहे, म्हणजे तिची सीमा रेखाटलेली नाही. अशी व्याख्या बुडालेल्यास आधार देते. बुडण्यापूर्वी सावध करीत नाही. एकाच शब्दाचा अर्थ दोन न्यायालयांनी परस्परविरुद्ध लावावा आणि अखेरचा अर्थ ठरण्यास जवळजवळ नऊ वर्षे लागावीत, ही स्थिती सामान्य माणसास परवडणारी नाही.

नालासोपाऱ्याच्या पूर्वेकडील आचोळ्यासारख्या बहुभाषिक वस्तीत हा प्रश्न अधिकच तीव्र होतो. तेथे सल्ला मराठीत, गुजरातीत वा हिंदीत दिला जातो. सही मात्र बहुधा इंग्रजी कागदावर होते. वाद उद्भवल्यावर न्यायालयापुढे कागद येतो, बोलणे येत नाही. तेव्हा रक्कम परत मिळण्याची हमी आहे की जोखीम आहे, हे एक वाक्य ग्राहकाच्या भाषेत, सहीच्या आधी आणि सहीच्याच पानावर असले पाहिजे. शब्दाचा अर्थ पैसे देताना ठरावा. तो पैसे बुडाल्यावर ठरविण्याची पाळी येणे हा भाषाव्यवहाराचाही दोष होय.