न्हाणीघर आणि विश्वविक्रम

'स्वतःच करा' या थाटाचे जे उपदेशपर वाङ्मय निघते, त्यात फरशी असते, सिमेंट असते, थापी असते. नसतो तो दमलेला माणूस. 'एका रविवारात न्हाणीघर नवे करा,' म्हणतात. मोठ्या दुखण्यातून उठलेल्या माझ्यासारख्याचा रविवार तासाभरातच मावळतो, याचा हिशेब कुठल्याच पानावर नाही!

आम्हां वऱ्हाडकरांना तुलनेची सोय मात्र मोठी. अमरावती ते अकोला मार्गावर जून २०२२ मध्ये ७५ किलोमीटरचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत अंथरला गेला. गिनीज बुकात नोंद झाली. माझी न्हाणी पाच फूट बाय चार. तिला दोन महिने लागले. पण तिथे ७२० माणसे रात्रंदिवस राबत होती. "अन् इथं तुम्ही एकटे, तेही अर्धे!" ही सौभाग्यवतींची नोंद.

या वाङ्मयावर माझा मुख्य आक्षेप हा, की ते विश्रांतीला आळस समजते. वास्तविक थांबायला कामच सांगते. कालवलेले सिमेंट फार वेळ वाट पाहत नाही. म्हणून चार फरश्यांपुरतेच कालवावे आणि खुर्ची गाठावी. फरशीखालच्या थराला आठवडाभर पाणी मारावे, मग गळती पाहायला दिवस-रात्र पाणी तुंबवून ठेवावे. तोवर माणसाने काय करायचे? निजायचे!

आमच्या गल्लीतल्या मिस्त्रींनी हे एका वाक्यात उरकले, "सर, सिमिटालेही आराम लागते न जी!"

असल्या पुस्तकांच्या पहिल्या पानावर एवढे छापावे. बाकीचे पुढच्या रविवारी वाचता येईल.