कुणाचं संगीत? ब्रॅनफर्ड मार्सालिस क्वार्टेटचा 'बिलाँगिंग'

मागच्या वेळी आपण सॅक्सोफोन या वाद्याबद्दल बोललो होतो. आज एकच अल्बम घेऊन बसायचं ठरवलंय. अमेरिकन सॅक्सोफोनवादक ब्रॅनफर्ड मार्सालिसच्या क्वार्टेटचा 'बिलाँगिंग', मार्च 2025 मध्ये ब्लू नोटने काढलेला. क्वार्टेट म्हणजे चौघांचा संच. मराठीत 'चौकडी' म्हटलं की भलतंच काहीतरी डोळ्यांसमोर येतं, म्हणून मी क्वार्टेटच म्हणतो.

आधी एक कबुली देतो. हा अल्बम आल्याचं कळलं तेव्हा मी तो लगेच ऐकला नाही. कारण सांगतो. 'बिलाँगिंग' नावाचा अल्बम आधीच आहे. पियानोवादक कीथ जॅरेटचा. एप्रिल 1974 मध्ये ऑस्लोत दोन दिवसांत ध्वनिमुद्रित झालेला आणि ईसीएम या जर्मन कंपनीने काढलेला. त्यात सहा रचना आहेत, सगळ्या जॅरेटच्या. मार्सालिसने केलंय काय, तर त्याच सहा रचना, त्याच क्रमाने, पुन्हा वाजवल्यात. अल्बमचं नावही तेच ठेवलंय. मला वाटलं, हे कशाला? मूळ अल्बम कुठे हरवलाय का? बटण दाबलं की वाजतोच आहे.

आता चार-पाच महिने दोन्ही अल्बम आलटून पालटून ऐकल्यावर माझं मत बरंचसं बदललंय, पण पूर्ण बदललेलं नाही. ते का, हेच आज सांगायचंय.

आधी माणसांची ओळख. जॅरेटच्या त्या संचात सॅक्सोफोनवर नॉर्वेचा यान गारबारेक, बासवर स्वीडनचा पाले डॅनिएल्सन आणि ड्रम्सवर नॉर्वेचा यॉन क्रिस्टेन्सन. जॅरेट एकटाच अमेरिकन. म्हणून याला त्याचा 'युरोपियन क्वार्टेट' म्हणतात. गारबारेकचं नाव आपल्याकडे काहींना वेगळ्या वाटेने माहीत असेल. झाकीर हुसेन यांच्या 'मेकिंग म्युझिक'मध्ये हरिप्रसाद चौरसियांची बासरी आणि जॉन मॅक्लॉफलिनची गिटार आहे, तिथे जो सॅक्सोफोन ऐकू येतो तो याचाच. तो सूर आठवा. टोकदार, थंड, लांबून मारलेल्या हाकेसारखा.

आता मार्सालिस. 1960 सालचा जन्म, लुइझियानाचा. वडील एलिस मार्सालिस पियानोवादक आणि न्यू ऑर्लिन्समधले मोठे शिक्षक, धाकटा भाऊ विंटन ट्रम्पेटवादक. 1980च्या दशकात ही भावंडं पुढे आली तेव्हा त्यांच्याकडे परंपरेचे वारसदार म्हणून बघितलं गेलं. ब्लूज आणि स्विंग हाच जॅझचा कणा, असं ठासून सांगणारं ते वातावरण होतं. आणि ईसीएमचं उत्तर युरोपातलं, भरपूर मोकळी जागा ठेवणारं संगीत? ते त्या वातावरणात जरा परक्या अंगणातलंच मानलं जायचं. त्यामुळे मार्सालिसने हाच अल्बम उचलावा यात एक गोष्ट दडलेली आहे. 'बिलाँगिंग' या शब्दाचा अर्थच बघा. कुणाचं तरी असणं, कुठलं तरी असणं. मग हे संगीत कुणाचं?

पहिली रचना ऐकू या. 'स्पायरल डान्स'. आधी 1974ची, मग 2025ची.

(इथे दोन्ही ध्वनिमुद्रणांमधला सुरुवातीचा भाग ऐकवला.)

काय फरक जाणवला? बहुतेकांना आधी सॅक्सोफोनचा सूर जाणवला असेल. मार्सालिसचा सूर गोल, भरदार, छातीतून आलेला. पण मी तुम्हाला खाली बघायला सांगेन, ड्रम्सकडे. जॅझमधली जी नेहमीची स्विंगची चाल, तिच्यात एका मात्रेचे दोन भाग समान नसतात. पहिला लांब, दुसरा आखूड. त्यामुळे एक झोका येतो. जॅरेटच्या या संचात बऱ्याच ठिकाणी ते दोन भाग समान आहेत, सरळ. क्रिस्टेन्सन झांजांवर लय पसरवत नेतो, लाट किनाऱ्यावर पसरते तशी. सम कुठे आहे ते तो सांगत नाही, तुम्हाला कळलेली आहे असं धरून चालतो. मार्सालिसकडचा जस्टिन फॉकनर तसा नाही. तो लय रोवतो. हा 2009 मध्ये या संचात आला तेव्हा अठरा वर्षांचा होता. म्हणजे मूळ अल्बम निघाला तेव्हा त्याचा जन्मही झालेला नव्हता. त्याच्यासाठी हे संगीत वारशात मिळालेलं आहे आणि वारशातली वस्तू तो बिनधास्त वापरतो. काचेच्या कपाटात ठेवत नाही.

इथे आपल्या ओळखीची एक गोष्ट सांगतो. आपल्याकडे जुन्या गायकांच्या आठवणींचे कार्यक्रम होतात. तुम्हीही गेला असाल. तरुण गायक बसतो आणि जुन्या तबकडीवरची चीज तशीच्या तशी म्हणतो. तीच तान, तीच जागा, श्वासही तिथेच. टाळ्या पडतात, म्हातारे डोळे पुसतात. घरी येताना मात्र आपल्याला वाटतं, तबकडीच लावली असती तरी चाललं असतं. उलट एखादा गायक तीच बंदिश घेतो, तिचा नकाशा नीट सांभाळतो आणि रस्ता स्वतःचा धरतो. तेव्हा बंदिश पुन्हा जिवंत होते. बंदिश दुसऱ्याची म्हणून ख्याल गाणारा कधी ओशाळत नाही. जॅझमध्येही दुसऱ्याची गाणी वाजवण्यात काही विशेष नाही, तो तर रोजचा व्यवहार आहे.

पण सबंध अल्बम वाजवणं वेगळं. अल्बममध्ये नुसती चीज नसते. ती एका दिवशी, त्या चार माणसांनी, त्या खोलीत कशी वाजवली हेही गोठलेलं असतं. ऐकणाऱ्यांना ते पाठ असतं. म्हणजे तुलना अटळ. मार्सालिस हे जाणून आहे, कारण त्याने हे आधीही केलंय. 2002च्या 'फुटस्टेप्स ऑफ अवर फादर्स'मध्ये त्याने जॉन कोल्ट्रेनचं 'अ लव्ह सुप्रीम' पूर्ण वाजवलं होतं. तिथे भक्ती होती आणि थोडं दडपणही होतं. या वेळी दडपण नाही. 2019च्या त्यांच्या अल्बममध्ये जॅरेटचंच 'द वाइंडअप' होतं. म्हणजे आधी एका खोलीत राहून बघितलं आणि मग सबंध घर घेतलं.

आता बलस्थानं. माझ्या मते दोन.

पहिलं, ''लाँग ॲज यू नो यू आर लिव्हिंग युवर्स'. ही रचना मुळातच चर्चच्या गॉस्पेल गाण्याच्या वळणाची आहे. तिचा एक किस्सा आहे. स्टीली डॅन या रॉक संचाचं 1980चं 'गाउचो' हे गाणं हिच्याशी इतकं जुळत होतं की जॅरेटने हरकत घेतली आणि पुढे त्या गाण्याला सहलेखक म्हणून त्याचं नाव लागलं. म्हणजे हे कुणाचं, हा प्रश्न या रचनेच्या बाबतीत वकिलांपर्यंत गेलेला! पण मार्सालिस वाजवतो तेव्हा वेगळंच लक्षात येतं. ऑस्लोत ध्वनिमुद्रित झालेल्या या रचनेचं मूळ अमेरिकेच्या दक्षिणेत, कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये आहे. लुइझियानाचा माणूस ती वाजवतो तेव्हा पाहुणी माहेरी आल्यासारखी वाटते. जे आपण परकं अंगण समजत होतो, तिथली माती इथलीच होती. हे शब्दांनी सांगून पटलं नसतं. वाजवल्यावर पटतं.

दुसरं, 'ब्लॉसम'. संथ, लांब रचना. इथे पियानोवादक जोई कॅल्डेराझोला सगळ्यात कठीण काम आहे. सॅक्सोफोनवाल्याची तुलना गारबारेकशी होणार, पण याची तुलना थेट जॅरेटशी, रचना करणाऱ्याशीच. तो जॅरेट व्हायला जात नाही. जॅरेटच्या वादनात एक अस्वस्थ ओढ असते, तो गुणगुणतो, कण्हतो, सूर जणू हातून निसटतोय. कॅल्डेराझो शांतपणे सूर उलगडत नेतो. खाली एरिक रेव्हिसचा बास इतका मोजका आहे की प्रत्येक सुराला वजन येतं. हे तिघं-चौघं वर्षानुवर्षं एकत्र वाजवताहेत. रेव्हिस आणि कॅल्डेराझो 1990च्या दशकाच्या अखेरीपासून मार्सालिसबरोबर आहेत. असा सहवास विकत मिळत नाही. चौघांचा मिळून असा सहवास मूळ संचाकडेही नव्हता. त्यांच्याकडे नव्याने जमलेल्या संचाची उत्सुकता होती.

आता जे पटलं नाही ते.

शीर्षकाची रचना, 'बिलाँगिंग'. मूळ अल्बममध्ये ती जेमतेम सव्वादोन मिनिटांची आहे. उंबऱ्यासारखी. एका खोलीतून दुसरीत जाताना क्षणभर थांबायची जागा. नव्या अल्बममध्ये ती ऐसपैस झाली आहे. वाजवलीय सुंदर, तक्रार नाही. पण उंबऱ्याची बैठक केली की उंबरा उरत नाही. पुढे 'द वाइंडअप' जी धमाल घेऊन येतं, ती मूळ अल्बममध्ये अंगावर येते. इथे आपण आधीच सैल होऊन बसलेले असतो.

आणि शेवटचं 'सोल्स्टिस'. मूळ रचनेत एक थंड भीती आहे. लय सापडते की नाही, पुढे काय होणार, काही सांगता येत नाही. गारबारेकचा तो सूर त्या अंधारात एकटा उभा असतो. मार्सालिसचा संच इथे चढत जातो, जोर करतो, शिखर गाठतो. श्रोता म्हणून मला तृप्ती मिळते. पण या रचनेने तृप्त करावं का? मला वाटतं, नाही. इतकी वर्षं एकमेकांना ओळखणाऱ्या माणसांना न ओळखल्याचं सोंग आणता येत नाही. त्यांचं जे बळ 'ब्लॉसम'मध्ये दिसलं, तेच इथे आड येतं.

मग हे करायला हवं होतं का? मघाशी मी म्हणालो, मूळ अल्बम कुठे हरवलाय का. या प्रश्नातच माझी चूक होती. जॅरेटला 2018 मध्ये दोनदा पक्षाघाताचे झटके आले. 2020 मध्ये त्याने स्वतःच सांगितलं की आता पुन्हा मैफलीत बसणं बहुधा होणार नाही. डावा हात गेला. यॉन क्रिस्टेन्सन 2020 मध्ये वारला, पाले डॅनिएल्सन 2024 मध्ये. म्हणजे ध्वनिमुद्रण आहे, पण ते संगीत पुन्हा माणसांच्या हातून, समोर घडण्याची मूळ वाट बंद झाली आहे. ध्वनिमुद्रण दर वेळी तेच राहतं. उद्या कुणी 'सोल्स्टिस' वेगळं वाजवायचं ठरवलं, तर त्याला आता दोन वाटा माहीत असतील आणि तिसरी काढायची हिंमत होईल. चीज अशीच टिकते. मार्सालिसने केलं ते हे. सगळीकडे जमलं नाही, पण जिथे चुकलं तिथेही तो नक्कल करून चुकलेला नाही.

शेवटी मघाशी चिठ्ठीवर आलेला प्रश्न घेतो. 'जॅझ फारसं ऐकलेलं नाही, तर यातला कोणता अल्बम आधी ऐकावा?' माझं उत्तर काहींना उलटं वाटेल. नवा आधी ऐका. तो दार उघडून आत घेतो, लय हातात देतो. आठवडाभर तोच ऐका, चाली ओठांवर येऊ द्या. मग रात्री, घर शांत झाल्यावर, 1974चा लावा. ओळखीची चाल अनोळखी होते म्हणजे काय, ते तेव्हा कळेल. आणि कळलं नाही तर पुढच्या वेळी भांडायला या.