सुनीतांत घडलेली अस्मिता

फ्रान्त्से प्रेशेरेन (१८००–१८४९) हा स्लोव्हेनियाचा राष्ट्रकवी. त्याचा स्मृतिदिन, ८ फेब्रुवारी, हा तिथे राष्ट्रीय सुट्टीचा दिवस आहे. त्याच्या ‘झ्द्राव्ल्यित्सा’ या कवितेचे एक कडवे राष्ट्रगीत झाले आहे. एवढा मान मिळालेल्या कवीकडे वाचक देशभक्तीची गीते शोधत जातो आणि त्याच्या हाती लागतात प्रेमभंगाची सुनीते. स्लोव्हेन अस्मितेची खरी घडण मला तिथेच दिसते.

प्रेशेरेनच्या काळी ल्युब्लियाना हे हॅब्सबर्ग साम्राज्यातले प्रांतिक शहर होते. कचेऱ्या आणि सुशिक्षितांच्या बैठका जर्मनमध्ये चालत. स्लोव्हेन ही प्रामुख्याने शेतकऱ्यांची आणि प्रवचनांची भाषा. भाषापंडित येर्नेय कोपितार तिचे सत्त्व खेड्यातल्या बोलीत शोधत. प्रेशेरेनचा मित्र, ग्रंथपाल मातिया चोप याला हे पटत नव्हते. शिकलेला शहरी माणूस आपल्या भाषेतली कविता वाचू लागला तरच ती भाषा वाढेल, आणि त्यासाठी तिने युरोपातले अवघडातले अवघड काव्यप्रकार पेलून दाखवायला हवेत, असे त्याचे मत. स्लोव्हेन कोणत्या अक्षरांत लिहावी यावरून १८३३ मध्ये पेटलेला लिपीचा वाद वरवर अक्षरांपुरता होता. आत हाच झगडा होता.

‘सोनेत्नी वेनेत्स’ ही १८३४ ची सुनीतमाला म्हणजे प्रेशेरेनने त्यात घेतलेली बाजू. एकूण पंधरा सुनीते. प्रत्येकाची शेवटची ओळ पुढच्याची पहिली होते आणि चौदा सुनीतांच्या पहिल्या ओळी जुळून पंधरावे तयार होते. त्याच्या आद्याक्षरांतून यूलिया प्रिमित्स या श्रीमंत व्यापारी घरातल्या मुलीचे नाव उमटते. ही माला छापली गेली तीही एका जर्मन नियतकालिकाच्या पुरवणीत! मालेच्या मध्यावर कवी स्वतःच्या दुःखातून मान वर करतो आणि आपल्या लोकांना एकत्र आणणारा ऑर्फियस मागतो. इथे प्रेयसीची आणि मायभूमीची उपेक्षा एकच वेदना होऊन येते. केशवसुतांमुळे सुनीत मराठीत रुजले. ते लिहून पाहिलेल्या कुणालाही ही बांधणी किती दुष्कर आहे हे सांगावे लागणार नाही. अशी रचना पेलणाऱ्या भाषेला गावंढळ म्हणण्याची सोय उरत नाही.

१८३५ मध्ये चोप सावा नदीत बुडाला. पुढच्याच वर्षी त्याच्या स्मृतीला वाहिलेले ‘क्र्स्त प्री सावित्सी’ हे खंडकाव्य आले. त्यात ख्रिस्ती सैन्याकडून पराभूत झालेला सेनानी च्र्तोमिर प्रेयसी बोगोमिलाच्या शब्दाखातर बाप्तिस्मा घेतो आणि दोघे कायमचे दुरावतात. नायकाच्या या शरणागतीवर समीक्षक पिढ्यान्‌पिढ्या भांडत आले आहेत. मला ती कवितेची ताकद वाटते. हरलेल्या समाजाला प्रेशेरेनने खोट्या विजयाची भूल घातली नाही.

स्टान्को व्राझसारखा स्लोव्हेन कवी दक्षिण स्लाव्हांना एका भाषेत बांधू पाहणाऱ्या इलीरियन चळवळीच्या ओढीने क्रोएशियनकडे वळला. प्रेशेरेन स्लोव्हेनलाच धरून राहिला.

‘झ्द्राव्ल्यित्सा’ १८४४ ची. मित्रांच्या मद्याच्या बैठकीतली ही कविता, कडव्यांचा आकारही प्याल्यासारखा. सेन्सॉरने तिसऱ्या कडव्यावर काट मारली तेव्हा कवीने सगळी कविताच आपल्या कवितासंग्रहाबाहेर ठेवली. १८४८ च्या क्रांतीने सेन्सॉरशिप उठली आणि मगच ती छापून आली. राष्ट्रगीतात आज एकटे सातवे कडवे गातात. ते सर्व राष्ट्रांचे भले चिंतते. मात्र तिसऱ्या कडव्यात शत्रूंवर वीज कोसळावी अशी धगधगती इच्छा आहे. तो संताप वगळून गायले की सातव्या कडव्यातली उदारता सोपी वाटू लागते, आणि ती सोपी मुळीच नव्हती.