वेशभूषा : ऐच्छिक

'नेपथ्य, प्रकाशयोजना आणि वेशभूषा नाटकाला पूरक' हे वाक्य नाट्यपरीक्षणात ठरलेलंच असतं. सिडनीच्या लेडी बे बीचचं परीक्षण लिहायला बसलो आणि त्यातला तिसरा विभाग खोडावा लागला.

नेपथ्य मात्र अव्वल. सिडनीचं बंदर जिथे समुद्राला तोंड उघडतं तिथे साऊथ हेड नावाचं भूशिर आहे. त्याच्या आतल्या अंगाला वालुकाश्माचा पिवळट कडा, कड्याखाली खडक आणि खडकांच्या कुशीत गिरगावातल्या चाळीएवढी वाळूची पट्टी. भरती आली की तीही आखडते. उतरायला जिना. पश्चिमेला तोंड असल्यामुळे प्रकाशयोजना दुपारनंतर खुलते. न्यू साऊथ वेल्सच्या सरकारने १९७६ साली, नेव्हिल रॅन मुख्यमंत्री असताना, इथे कपडे ऐच्छिक केले. ऐच्छिक म्हटलं की मला शाळेतलं संस्कृत आठवतं. सोय असते, पण सगळे घेतातच असं नाही.

हे लोक जन्मजात मोकळे, असं मात्र समजू नका. याच सिडनीत दिवसाउजेडी समुद्रात डुंबायला बंदी होती, तीसुद्धा अंगभर कपडे घालून! १९०२ साली एका वृत्तपत्राच्या मालकाने आगाऊ जाहीर करून मॅनलीला भर दुपारी पाण्यात उडी घेतली, तेव्हा कुठे कायदा सैल पडू लागला. १९०७ साली नगरपालिकांनी टूम काढली की पुरुषांनीही झगेवजा पोशाखात पोहावं. तर बाप्ये बायकांचे परकर नेसून किनाऱ्यावर निषेधाला उतरले. आणि १९७६ साली कपडे उतरले न उतरले तोच १९८१ साली कातडीच्या कॅन्सरविरुद्ध मोहीम सुरू झाली : शर्ट चढवा, मलम चोपडा, टोपी घाला! माणसाने ऐकावं तरी कुणाचं?

आता प्रयोगाबद्दल. खाली वाळूवर काही म्हणजे काही घडत नाही. कुणी वाचतंय, कुणी घोरतंय, कुणी संत्रं सोलतंय. खरा अभिनय चालतो तो वर. शेजारीच हॉर्नबी दीपगृह आहे, १८५८ सालचं, लाल-पांढऱ्या पट्ट्यांचं. त्याच्याकडे जाणारी वाट नेमकी या किनाऱ्याच्या डोक्यावरून जाते. त्या वाटेवर सहकुटुंब मंडळी जहाजं बघण्याचा जो अभिनय करतात, त्याला तोड नाही. एक गृहस्थ तीनदा वाकून बुटाची नाडी बांधताना दिसले. पायांत चपला होत्या. सत्तरीच्या दशकात हणजुणच्या किनाऱ्यावर हिप्पी 'बघायला' बसगाड्या भरभरून गेलेले आमचे मुंबईकर निदान अभिनय तरी करत नव्हते! बाहुबलीपुढे हात जोडणारा माणूस इथे डोळ्यांवर हात का धरतो, याचा मी बराच विचार केला. तिथली नग्नता त्यागाची, इथली सुट्टीची. सुट्टीपुढे हात जोडायची आपल्याला सवय नाही.

"अहो, उतरायचं तर उतरा एकदाचे," ही म्हणाली, "मी इथे दीपगृह बघते."

उतरलो. शर्ट-पँट घालून. उघड्यापाशी नागडं गेलं आणि रात्रभर हिवानं मेलं, ही म्हण ठाऊक होती. नागड्यांपाशी इस्त्रीची पँट गेली तर काय, हे म्हणीत नाही. कुणी ढुंकून पाहिलं नाही, याचा थोडा रागच आला. कपडे गेले की सगळे समान, हे या पंथाचं लाडकं वाक्य मला तिथे पटलं नाही. गॉगल बोलतात, छत्र्या बोलतात. साहेब कोण आणि कारकून कोण, ते थर्मासवरून कळतं.

एका खडकाला टेकून सत्तरीचे एक आजोबा शब्दकोडं सोडवत होते. गळ्याखालून पोटाच्या दिशेने उभा, पांढुरका व्रण. माझ्याही छातीवर तोच रस्ता आहे. ऑपरेशन झाल्यापासून सहा वर्षं मी घरातसुद्धा सदरा काढलेला नाही. नातवाने विचारलं तर काय सांगायचं? आणि हे आजोबा तो व्रण पापडासारखा उन्हात वाळत घालून बसलेले.

त्यांनी मला वेळ विचारली. सबंध किनाऱ्यावर मनगटाला घड्याळ असलेला बहुधा मीच. "साडेतीन," मी म्हणालो. त्यांची नजर माझ्या कॉलरच्या फटीवर गेली आणि त्यांनी चार बोटं वर केली : इतक्या? मी मान हलवली. त्यांनी स्वतःकडे बोट दाखवून तीन केली आणि जरा हिरमुसले. परदेशात मी पहिल्यांदाच कुणाच्या तरी पुढे होतो.

वरची दोन बटणं सोडली. वारा आत शिरला. बरं वाटलं. तिसऱ्याला हात घातला, एवढ्यात कड्यावरून खणखणीत मराठीत हाक आली :

"अहोऽऽ! ऊन लागेल, टोपी घाला!"

मघापासून कुणाकडेही न बघणारा तो सगळा किनारा एकजात मान वर करून हिच्याकडे बघू लागला.