देहाच्या सीमा आणि यंत्राचे पाय

शास्त्रज्ञाच्या लेखणींतून उतरलेल्या ग्रंथांत प्रयोग कोणता व स्वप्न कोणतें, याची निवड वाचकालाच करावी लागते. ब्राझीलचे मज्जाशास्त्रज्ञ मिगेल निकोलेलिस यांच्या 'बियाँड बाउंडरीज' (२०११) ह्या इंग्रजी ग्रंथासंबंधानें तर ही निवड अवश्यच आहे. मेंदू थेट यंत्राशीं जोडून मनाला देहाच्या बंधनांतून सोडवावें, अशी ग्रंथकारांची प्रतिज्ञा आहे.

प्रयोगांचें वर्णन मोठें सरस उतरलें आहे. अरोरा नांवाची माकडीण हातांतील दांडा हलवून पडद्यावरील ठिपका लक्ष्यावर नेई व बक्षीस म्हणून फळांचा रस मिळवी. तिच्या मेंदूंत बसविलेल्या सूक्ष्म तारांतून मज्जापेशींचे विद्युत्संकेत घेऊन गणकयंत्र हाताची हालचाल ओळखूं लागलें. पुढें दांडा काढून घेतला. कांहीं वेळानें अरोरानें हात हलविणेंच सोडलें, तरी केवळ तिच्या इच्छेनें ठिपका लक्ष्य गांठीत राहिला! २००८ सालीं इडोया नांवाच्या दुसऱ्या माकडिणीच्या चालण्याचे संकेत अमेरिकेंतील उत्तर कॅरोलायनांतून जपानांत क्योटो येथें पाठविले व त्यांवर एक यंत्रमानव चालविला. हीं प्रकरणें कादंबरीप्रमाणें वाचवतात.

शेवटीं मात्र ग्रंथकारांची लेखणी जमीन सोडते. मेंदूंचें जाळें विणलें जाईल, शब्दांवांचून विचारांची देवघेव होईल, असें ते सांगतात. निदान मासिकाच्या वाचकांस तरी ह्या आश्वासनानें हर्ष होऊं नये.

प्रतिज्ञेची खरी कसोटी १२ जून २०१४ रोजीं साओ पावलो येथें लागली. जागतिक फुटबॉल स्पर्धेच्या उद्घाटनप्रसंगीं, निकोलेलिस यांच्या मंडळींनीं सिद्ध केलेला यांत्रिक सांगाडा (अंगावर बाहेरून चढविलेलीं हाडेंच म्हणाना) घालून एका पंगु तरुणानें मैदानाच्या कडेला चेंडूस पाय लावला. दूरचित्रवाणीवर तें दृश्य कांहीं क्षणच दिसलें. येथें मेंदूंत तारा नव्हत्या. टोपींतील अग्रांनीं डोक्यावरून टिपलेल्या क्षीण विद्युत्तरंगांतून त्याचा हेतु तेवढा ओळखला जाई. पाऊल कसें उचलावें, गुडघा किती वांकवावा, हें यंत्रणाच पाही. म्हणजे इच्छा माणसाची, चाल यंत्राची. ह्याला निव्वळ देखावा म्हणण्याइतके आम्ही कठोर नाहीं. पण 'मन चालूं लागलें' असें म्हणणें हेंही अतिशयोक्तच होय.

ह्या खटपटीचें खरें फळ २०१६ सालीं 'सायंटिफिक रिपोर्ट्स' ह्या नियतकालिकांत प्रसिद्ध झालें. पृष्ठरज्जूस इजा होऊन कित्येक वर्षें कंबरेखालीं लुळ्या असलेल्या आठ रुग्णांनीं बारा महिने आभासी चित्रसृष्टींत व यंत्रांच्या आधारानें चालण्याचा सराव केला. आठांनाही इजेच्या खालच्या भागांत थोडीबहुत संवेदना परत आली, कांहीं स्नायु इच्छेस जुमानूं लागले, आणि चौघांचें पंगुत्व 'संपूर्ण' ह्या वर्गांतून 'अपूर्ण' ह्या वर्गांत गेलें. सराव नानाविध होता, तेव्हां सारें श्रेय मेंदूला जोडलेल्या यंत्रासच देतां येत नाहीं. तरीही, मनाला देहांतून सोडवावयास निघालेल्या विद्येनें हरवलेला देहच थोडासा परत आणून दिला! सांगाडा येथें वाहन म्हणून नव्हे, तर तालीम देणारा गुरु म्हणून उपयोगी पडला.

ग्रंथाची सुधारून वाढविलेली आवृत्ति निघाल्यास मेंदूंच्या जाळ्याचीं पानें गाळून त्या जागीं ह्या आठ जणांच्या बारा महिन्यांची हकीकत घालावी, अशी ग्रंथकारांस आमची सूचना आहे.